एक अजून सुटलेला नाही

औरंगाबाद, ६ सप्टेंबर १९७८
ठरलं. दिवाळी पाडव्याच्या आत प्रबंध! विषय जगात कुणाला सुचला नसेल इतका मोठा: संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची जी मूळ इंडो-युरोपीय आई, तिच्यात माणसं एक ते दहा कशी म्हणत असतील? तिनं काही लिहून ठेवलेलं नाही, म्हणून लेकी शेजारी बसवून आईचा चेहरा काढायचा. दोनपासून पुढं सगळं सोपं आहे. द्वौ, दुओ. त्रयः, त्रेस. लगेच जुळतं. घोळ फक्त एकचा. संस्कृतात एक, लॅटिनमध्ये ऊनुस आणि ग्रीकमध्ये भलतंच, हेइस. म्हणून तर सातवं वर्ष चालू आहे. एकदा हा एक सुटला की बाकीचे नऊ धडाधड.

८ सप्टेंबर
सासऱ्यांनी, म्हणजे नानासाहेबांनी, जेवताना विचारलं, जावईबापू, कुठवर आलं? म्हटलं, एकवर. म्हणाले, गेल्या दिवाळीतबी एकवरच होतं की. म्हटलं, तो वरवरचा एक होता. त्यांनी ताक मागितलं. मग म्हणाले, पाडव्यापर्यंत बघतो. प्रबंध झाला तर कालिजात लागा, नाय तर सिल्लोडला माझ्या आडतीवर मका मोजायला बसा. लेकीचा संसार किती दिवस माझ्या माडीवर ठेवू?
आडतीवर! मी!

१९ सप्टेंबर, सकाळ
औरंगपुऱ्यात संशोधन अशक्य. खाली भांड्यांचं दुकान, ठोकाठोकीत ग्रीक डोक्यात शिरत नाही. आशाला सांगितलं, बाहेरून कडी लाव, मी कितीही ओरडलो तरी उघडू नको.

दुपार
टिपणं खालच्या खोलीत राहिली. ओरडलो. बायको शब्दाची पक्की निघाली. झोपलो.

११ ऑक्टोबर, दसरा
गाइड सर सोनं द्यायला आले. म्हणाले, एक सोडा, दोनपासून लिहायला लागा, एकचं शेवटी बघू. मी साफ नकार दिला. पाया नाही आणि माडी चढवू? जाताना म्हणाले, ३१ तारखेला मुदत संपते, मग रजिस्ट्रेशन रद्द. अशा धमक्यांनी संशोधन होत नसतं.

२३ ऑक्टोबर
आशा रडली. म्हणाली, मला तुमची डॉक्टरकी नको, फक्त आपल्या स्वतःच्या घराचं दार पाहिजे. लई वाईट वाटलं. माझ्यापायी ती माहेरीच अडकली. उद्यापासून पहाटे चारला उठणार म्हणजे उठणार.

२४ ऑक्टोबर
नऊला उठलो. चहा गार.

३१ ऑक्टोबर
एकचं जेवढं झालं तेवढं घेऊन युनिव्हर्सिटीत गेलो. गेटला कुलूप. लक्ष्मीपूजनाची सुट्टी! आधी कळवायला नको? माणसाच्या आयुष्याचा प्रश्न असतो.

१ नोव्हेंबर, पाडवा. सिल्लोड
आडतीवर आलो ते फील्डवर्क म्हणून. खेड्यातली माणसं कशी मोजतात, हे जवळून बघायलाच हवं होतं.
आज नव्या मक्याचा मुहूर्त. पहिलं माप मोजायचा मान नानासाहेबांनी मला दिला. आशा नवी साडी नेसून ओट्यावर उभी, तोंडावर हसू. मापाडी गयासभाईंनी पायली काठोकाठ भरली. सगळे माझ्याकडं बघत होते. मी खणखणीत आवाजात म्हटलं, एक!
कुणीतरी अगं बाई म्हणालं. इथं पहिल्या मापाला एक म्हणतच नाहीत. शेतकरी लाभ म्हणतो, गयासभाई बरकत म्हणतात. एक म्हटलं की धान्य एकावरच थांबतं, वाढत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, त्या वेळी सुचलं नाही.
मका परत राशीत ओतला. गयासभाईंनी बरकत म्हणून पायली नव्यानं भरली. आशा आत निघून गेली. नानासाहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, जावईबापू, पहिलं माप रोज गयासभाईच मोजतील. तुम्ही आपलं दोनपासून म्हणत जा.
दिवसभर मोजलं. कुठंच अडलं नाही. दोनपासून पुढं सगळं सोपं आहे.