मारहाणीची वही

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दिव्याला मारलं. आमच्याच रुग्णालयात, भरदुपारी, प्रसूतिकक्षाच्या दाराशी! पोरीला नर्स म्हणून लागून चार महिने झालेत. सुकलू नावाच्या माणसाने हात पिरगाळून ढकललं, कपाळ चौकटीवर आपटलं. तीन टाके.

कारण विचारावं तर काही नाही. आत त्याची बायको रंजीता बाळंत होत होती, मी स्वतः तिच्यापाशी होते. पहिलटकरीण. घरी यांच्या बाया उकिडव्या बसून बाळंत होतात, म्हणून ही सारखी टेबलावरून उतरायला बघायची. "शेवटचं सांगते, आडवी हो," म्हटलं. ओरडले, दोन चापट्या दिल्या, तेव्हा कुठे झोपली. दोन चाळीसला बाहेरून दिव्याची किंकाळी. बाळ अर्ध्यात, मला हलता येईना. पाच मिनिटांत मुलगी झाली, पावणेतीन किलो, ठणठणीत. आणि बापाने बाहेर हा पराक्रम केलेला.

सोडणार नाही त्याला.

४ फेब्रुवारी

रंजीताला पहाटेच घेऊन गेले. सुट्टीचा कागदही नाही.

नवी वही आणली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं – मारहाण. रकाने आखले: तारीख, वेळ, जागा, कोणाला, मारणारा, साक्षीदार. पहिली नोंद सुकलूची. साक्षीदाराचा रकाना तेवढा रिकामा राहिला.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "इंदुताई, वहीनं काय होणार?" काय होणार ते बघाच म्हटलं.

५ फेब्रुवारी

सगळ्या नर्सना बसवलं. प्रत्येकीकडे काही ना काही होतंच. शिवी, ढकलाढकली, अंगावर फेकलेला डबा. कोणी कधी लिहून दिलं नव्हतं.

मीही माझं सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका दारुड्याने माझे केस धरून ओढले होते. तेव्हाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "इथी असं चालतेच, इंदू." चोवीस वर्षं झाली, अजून तो शब्द कानात आहे. केसांपेक्षा तो जास्त दुखला. दिव्याला हा शब्द ऐकू येणार नाही, एवढं मी ठरवलंय.

मग सगळ्यांनी मिळून खुणा काढल्या. हात उगारायच्या आधी माणूस काय करतो? आवाज चढतो. दात आवळतो. समोरच्याचं ऐकणं बंद करतो. "शेवटचं सांगतो" म्हणतो. हे दिसलं की एकटीने थांबायचं नाही, दुसरीला हाक मारायची. कागद भिंतीवर लावला.

दिव्या कोपऱ्यात बसून होती. घाबरलीय बिचारी.

६ फेब्रुवारी

प्रसूतिकक्षाच्या दाराशी मदतीला बोलवायची घंटी बसली. दोन खेपा फोन, एक खेप भांडण, मग बसली.

खुणांचा कागद घरीही आणला होता. आमच्या ह्यांनी, हरिदासनी, चष्मा लावून वाचला. "हे तर मले रोज दिसते घरी," म्हणाले. म्हटलं, जेवायचंय ना आज? हसत ताटावर बसले.

७ फेब्रुवारी

दिव्या सही करत नाही! पोलिसांत द्यायची तक्रार तयार, फक्त सही हवी. "नोको ताई." मी चिडले. अशानेच हे लोक माजतात म्हटलं.

मग खाली बघत म्हणाली, "तो मले माराले नव्हता आला, ताई. आत जाले पाहत होता. मीच आडवी झाली."

आत कशाला? तर म्हणे, "आवाज आला त्याले. मले बी."

बाळंतपणात बाई ओरडणार नाही तर काय? उद्या गावात जाते. त्याच्याकडूनच लिहून घेते.

८ फेब्रुवारी, शनिवार

दिव्याच्या गाडीवर मागे बसून गेले. गाव जंगलात आत, सागाची पानं वाटभर. सुकलू अंगणात बांबू चिरत होता. मला पाहून कोयता खाली ठेवला, उठला आणि दिव्यापुढे हात जोडले. "चूक झाली, बाई. जे लिहाचं ते लिहा." एवढं सोपं होईल वाटलं नव्हतं. मी कागद काढला.

तेवढ्यात त्याची आई सुकरीबाई बाहेर आली. मला आत बोलावलं. रंजीता बाळाला पाजत होती. मला बघताच तिने पाय पोटाशी ओढून घेतले. सुकरीबाईने सुनेचं लुगडं मांडीवरून बाजूला केलं. हिरवट डाग. चार बोटं वेगवेगळी मोजता येत होती.

"पोराची चूक हायच," ती म्हणाली. भांडणाचा सूर अजिबात नव्हता. "पन हे कोनाचं हाय, बाई?"

बाळंतपणात असं चालतंच, हे अगदी ओठावर आलं होतं. आलं आणि मला मोठ्या सिस्टरांचा तोच शब्द ऐकू आला. कागद परत पर्समध्ये टाकला.

त्या दिवशी दिव्याला दाराशी मीच उभं केलं होतं, आत कोणाला सोडू नकोस म्हणून. मारलं त्याने. मार मात्र माझ्या वाट्याचा होता. लाज वाटते. लाजच वाटते.

९ फेब्रुवारी

भिंतीवरचा कागद पुन्हा वाचला. चारही खुणा माझ्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

सुकलूची नोंद तशीच ठेवली. तिच्या वर जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं: ३ फेब्रुवारी, दुपारी दोन पस्तीस, प्रसूतिकक्ष. कोणाला – रंजीता. मारणारी – इंदू रामटेके, इन्चार्ज सिस्टर.

वही दिव्यापुढे सरकवली. साक्षीदाराच्या रकान्यात तिने दोन्हीकडे सही केली. माझ्या नोंदीवर आधी.