तुरटी झोंबली नाही

पोरी,

काल माझी दाढी करून तू आत गेलीस, तेव्हा मी गुपचूप तुरटी फिरवून पाहिली. कुठेच झोंबली नाही, हनुवटीखालीसुद्धा नाही. मागच्या वेळी मान दोन दिवस चुरचुरत होती आणि मी साबणाला नावं ठेवली. खरं तर वस्तरा बोथट होता, म्हणून तू दाबून चालवत होतीस. या वेळी तो तू स्वतः पाजवलास, हे गालाला लागताच कळलं. एवढी धार लावायला मला चार वर्षं लागली होती.

माझा हात थरथरतो हे तू ओळखलंस आणि कुणाकडे बोलली नाहीस, हेही कळलं.

माझा वस्तरा टेबलावर ठेवलाय. सलून मी उघडतो, तू दहाला ये. खुर्चीमागे आजपासून तू. मी बाकावर पेपर वाचत बसेन. मध्येमध्ये बोललो तर लक्ष देऊ नकोस.

बाबा