पदराखालचा हात

आये, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायला आधी तुझी शिवी आठवावी लागते. बंदरावर मासळीचा लिलाव चाललाय, मी एका टोपलीत नाक घालते आणि चारचौघींत ओरडते, "आये, ह्यो माल शिला हाय!" तू मनगट धरून ओढतेस. "तोंड हाय का भोंगा? आता सगल्या चांगल्या टोपलीवर तुटून पडतीन!" दुसऱ्या दिवसापासून माझा हात तुझ्या पदराखाली, तुझ्या हातात. एकदा दाबलं म्हणजे शिळं, दोनदा दाबलं म्हणजे घे. आणि करंगळी दाबली की घरी चल. ती खूण माझी, पाय भरून आले की वापरायची. तू भाव सोडून निघायचीस, शिव्या देत का होईना.

आता मी करंजाड्याला सातव्या मजल्यावर राहते, नातीबरोबर. समोरच्या दारात चपला बदलतात, माणूस दिसत नाही. नात दार लावून दिवसभर कॉम्प्युटरशी भांडते. परवा जेवताना विचारलं, "नेमकं करतेस काय गं?"

"आजी, ते क्रिप्टोचे पैसे असतात ना, त्यांचं जाळं. मध्ये बँक नाही, मालक नाही. जगभरचे कॉम्प्युटर एकमेकांना थेट निरोप देतात. पण निरोप उघडे जायचे, वाटेत कान लावून बसलेल्याला सगळं कळायचं. आता दोघं आधी आपसांत एक गुपित ठरवतात आणि त्यातच बोलतात. ते काम आमचं."

"म्हणजे पदराखाली हात. एवढ्यासाठी इंजिनीअर झालीस?"

खरकट्या हातानं हसली. मग हात धुऊन आली आणि खुणा शिकवच म्हणाली. माझ्या पदराखाली हात घालून एकदा दाबते, दोनदा दाबते, लहान असल्यासारखी. मध्येच थांबली. "पण आत हात तुझ्या आईचाच आहे, हे कसं कळायचं?"

"अंगठ्यावर विळीचा वण होता तिच्या."

"आमचं तिथंच अडतं बघ. बोलणं झाकलं जातं, पण पलीकडे नक्की कोण आहे, ते तेवढ्यानं कळत नाही."

मी भात कालवत राहिले. माझ्या पलीकडे कोण आहे, ते मला चांगलं ठाऊक आहे. कुणी नाही.

रविवारी ती बंगळुरूला चालली, कायमची नोकरी आहे. "रोज व्हिडिओ कॉल करीन," म्हणते. कर म्हटलं, तोंड दिसेल, हात कुठं लागणार? तिला वाटलं मी टोमणा मारला. टोमणाच होता.

मी दुसरीपर्यंत शिकलेली, लिहिताना चुकलं असेल तर असू दे. तुला तेवढंही वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. आत ती बॅग भरतेय, चेनचा आवाज येतोय. मी तिला दोनच खुणा शिकवल्या, आये. तिसरी शिकवली असती, तर आत्ता जाऊन दाबली असती.