नळ्या घालायच्या का न्हाई, त्याचा कागद

तीर्थस्वरूप भिवराअक्काच्या पायावर धाकट्या आसारामचं डोकं. तुझा खोकला कसा हाय? परळीत थर्मलच्या राखेच्या गाड्या अजून तुझ्या दारावरून जात्यात का? इकडं माजलगावच्या बाजूला पाणी बरं हाय, मेंढरं खुशाल हायेत, तुझी भावजय भामा खुशाल हाय. मी बी खुशाल हाय. पण मी खुशाल ऱ्हावं असं घरात नेमकं कुणाकुणाला वाटतं, त्याचा तपास चालू हाय. तेच सांगायला बसलोय.

मागं आपली ऋतुजा घरी आलती. (बीडला दवाखान्यात नर्स झाल्यापासून ती माणसाकडं बघतच न्हाई, आधी त्याची नाडी बघती.) जेवता जेवता म्हणली, "आबा, तुमी एक कागद करून ठेवा." कागद म्हणल्याबरोबर माझा घास थांबला. मी इचारलं, "जमिनीचा?" तर म्हणली, "न्हाई हो. उद्या तुमी लई आजारी पडलात, शुद्ध न्हाई, बरं व्हायची आशा न्हाई, तर मशीन लावायची का, नळ्या घालायच्या का, हे आत्ताच लिहून ठेवायचं. कोर्टानं तशी परवानगी दिलीय." अक्का, धडधाकट बापाला भाकरी वाढता वाढता लेक असं काहून इचारती? आन् त्याच आठवड्यात सोमनाथनं न मागता दाळिंबं आणली. पोरगा बापाला दाळिंबं कवा आणतो? बाप दवाखान्यात असताना! मी आधी एक दाळिंब मेंढीला घातलं. मेंढीला काय बी झालं न्हाई, पण मेंढीच्या नावावर जमीन बी न्हाई.

तरी गेलो. न्हाई म्हणलं असतं तर ह्यांना कळलं असतं की मला कळलंय. सोमनाथनं गाडी काढली, भामा मागं बसली, आन् आमी बीडला कोर्टाजवळ राधाकिशन वकिलाकडं पोचलो. जिना चढून वर गेलो तर पत्र्याची खोली, भट्टीवानी तापलेली. वकिलानं चहा मागवला. मी घेतला न्हाई. (वकिलाचा चहा पिला की माणूस मऊ पडतो.) पाणी आलं, ते बी ठेवून दिलं. सकाळपासून घरी बी काय खाल्लं नव्हतं, दाळिंबाच्या प्रकरणापासून मी जपूनच होतो. वकिलानं कागद वाचून दाखवला, मी म्हणलं परत वाचा. परत वाचला. मी म्हणलं उलटीकडून वाचा, मधी कुठं सातबारा दडवलाय का बघतो. वकील म्हणला, "आबा, ह्याच्यात जमिनीचं नाव बी न्हाई. दोन साक्षीदार लागत्यात, नोटरी लागती, आन् तुमच्या वतीनं बोलणारं भरवशाचं एक माणूस लागतं. कुणाचं नाव घालू?" मी भामाकडं बघितलं, सोमनाथकडं बघितलं, न्हाई म्हणायला उठून उभा राहिलो आन् भुईवर पडलो.

शुद्धीवर आलो तवा ऋतुजाच्या दवाखान्यात खाटेवर होतो, हाताला सलाईन. पण मी डोळे उघडले न्हाईत. म्हणलं, ही संधी परत यायची न्हाई, आता कळंल कोण काय बोलतंय ते.

सोमनाथ म्हणत होता, "डॉक्टरसाहेब, जे जे हाय ते सगळं लावा. मशीन लावा, नळ्या घाला, काय बी करा, पण आबाला ठेवा." ऋतुजाचा आवाज आला, "दादा, येडा झालास का? उन्हानं आन् उपाशीपोटी चक्कर आलीय. नळ्या कशाला?" तो म्हणला, "तू गप. तुला त्यांना घालवायचंय म्हणूनच तू तो कागद काढलास!" बघ अक्का, जो संशय मला, तोच ह्याला बी. मला आतून बरं वाटलं. पण तेवढ्यात तो माझे दोन्ही पाय धरून रडायला लागला. मिशीवाला माणूस, दोन लेकरांचा बाप, हुंदके देऊन देऊन रडतोय. आता डोळे उघडावेत तर लाज, न उघडावेत तर डॉक्टर म्हणायले, "थांबा, मेंदूचा फोटो काढून घेऊ."

तवा भामा बोलली. कोपऱ्यात बसून ती इतका येळ माझ्याकडंच बघत होती. म्हणली, "फोटो कशाला? जागे हायेत ते. झोपेत ह्यांचं तोंड उघडं ऱ्हातं."

पुढचं काय लिहू? डॉक्टर हसले, ऋतुजा हसली न्हाई. सोमनाथ उठून बाहेर गेला. मग आमी गाडीनं परत निघालो. तेलगावच्या पुढं सोमनाथनं रसवंतीवर गाडी थांबवली, रसाचा गिलास माझ्या हातात दिला आन् रस्त्याकडं बघत म्हणला, "आबा, तुमी तो कागद कराच. माझ्याच्यानं डॉक्टरला न्हाई म्हणवणार न्हाई. मी तुमाला ठेवून घेईन, तुमचे हाल झाले तरी." मी तो रस मेंढीला न दाखवता पिलो.

परवा परत जाऊन कागद केला. चहा पिलो, दोन कप.

तुझा धाकटा,
आसाराम

ता. क. भरवशाचं माणूस म्हणून तुझं नाव घातलंय. इचारायचं राहिलं. दाजीच्या येळंला दवाखान्यात आमी सगळे बाप्ये भिंतीला टेकून उभे होतो, आन् तूच डॉक्टरला म्हणलीस, "आता बास, ह्यांना घरी नेते." ते काम दुसऱ्या कुणाच्यानं व्हायचं न्हाई. सहीसाठी येऊन जा, सोमनाथ घ्यायला येईल. (त्यानं आणलेली दाळिंबं खा, चांगली असत्यात.)

आनखी ता. क. खरं म्हंजे ह्याच्यासाठीच पत्र लिहितोय. भामानं बी त्याच दिवशी सोताचा कागद करायला घेतला आन् माझं नाव घातलं न्हाई. सरळ तोंडावर म्हणली, "तुमी डॉक्टरफुडं रडत बसताल. मी भिवराबाईंना इचारणार हाय." ती तुला फोन करंल. अक्का, तुझ्या पाया पडतो, तू तिला न्हाई म्हण. खोकल्याचं कारण सांग, काय बी सांग. दुसरं कुणी घावलं न्हाई म्हंजे तिला माझंच नाव घालावं लागंल. मी रडणार न्हाई. निदान तिच्या देखत न्हाई.