कोरडा नळ

३ जुलै
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश! प्रयोगशाळा ऐसपैस, खिडक्या उंच, टेबलांवर जुने पिवळट डाग. कोपऱ्यात ॲसिडची खोली. तिची किल्ली मुख्याध्यापक सरांनी माझ्या हातात ठेवली. शिपाईमामा म्हणाले, नवीन माणूस इथे आठवडाभर शिंकतो, मग नाकच बधिर होतं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, बरंच झालं, तुझं नाक नको तिथे खुपसलेलं असतं.

७ जुलै
पहिलं प्रात्यक्षिक. घसा फोडून सांगितलं: ॲसिड पाण्यात ओतायचं, थोडं थोडं, ढवळत. उलट केलं, ॲसिडमध्ये पाणी ओतलं, की ते उकळून तोंडावर उडतं. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, चष्म्यात आम्ही घुबडं दिसतो. म्हटलं, घुबडं तर घुबडं, डोळे तर शाबूत राहतील.

१२ जुलै
दुपारी आतल्या ॲसिडच्या खोलीत बाटल्यांची बुचं तपासत होते. मागून कुणीतरी घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं. वळले, तर कुणी नाही.

मामांना विचारलं. त्यांचा चेहराच उतरला. आढेवेढे घेत सांगितलं: एका मुलाने ॲसिडमध्ये पाणी ओतलं आणि सगळं माझ्या आधीच्या बाईंच्या तोंडावर उडालं. डोळे धुवायचा नळ कोरडा. बाईंनी कितीदा तक्रार केली होती, सरांनी कानाआड केली. एकेका नळाशी धावत पाणी मागत होत्या. वाचल्या नाहीत.

मी तो नळ सोडून पाहिला. धो धो पाणी आलं.

१६ जुलै
ॲसिडच्या फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला बीकर. ओतून दिला. पाठ वळली, पुन्हा भरलेला. मामा म्हणतात, मी हात लावला नाही. सर म्हणतात, नव्या नोकरीचा ताण.

१९ जुलै
दोन वेण्यांची मुलगी पाण्याची बाटली घेऊन ॲसिडच्या बीकरवर वाकली होती. मनगट पकडलं म्हणून वाचली. रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना, पाणी ओत म्हणून?"

ती सूचना सगळ्या वर्गाने ऐकली होती. माझ्या आवाजात. मी तर फळ्याकडे तोंड करून गप्प उभी होते.

२० जुलै
सरांपुढे हात जोडले, प्रात्यक्षिकं थांबवा. म्हणाले, परीक्षा तोंडावर आलीय.

तोंडाला रुमाल बांधून वर्गात उभी राहिले. एक अक्षर बोलले नाही. मुलांनी तरी पानभर सूचना उतरवून घेतल्या. त्या वाचून पाहिल्या, प्रत्येक वहीत तेच: ॲसिडमध्ये पाणी ओता. सगळ्यांना बाहेर हाकललं.

२२ जुलै
सगळ्या बाटल्या आतल्या खोलीत आणल्या. आतून कुलूप लावून बसलेय. ॲसिड हाती लागलं नाही तर मुलांना काही होणार नाही.

मुलं आली. बाहेर माझा आवाज त्यांना जवळ बोलावतोय. किती गोड बोलतोय—

दार बडवलं. ओरडले. घशातून नुसती हवा—

मामा विचारतायत, आत कोण आहे? माझा आवाज म्हणतो, कुणी नाही मामा, दुसरी किल्ली आणा.

पाठ दाराला लावून— ढकलतायत—

फटीतून ती दिसतेय. ॲप्रन माझाच. चेहरा ॲसिडने जळालेला—