कोठडीबाहेर बसलेली आई

अप्पा, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. हुणसूरकडची ती पोर आठवते? सोळाचीही नसेल. मालकिणीची तांब्याची घागर चोरली असा तिच्यावर आळ होता, आणि खटला उभा राहीपर्यंत ती तुमच्या ताब्यात होती. तुम्ही तुरुंगाचे जमादार. आई बायकांच्या कोठड्यांत जेवण पोचवायची. आईलाच ती म्हणाली, "अक्का, मला जगायचं नाही." आईनं घरी येऊन सांगितलं, तर तुम्ही मिशीवरून हात फिरवत म्हणालात, "सुम्मने, उगाच नाटक करते. एकटीला कोंडतो, म्हणजे काही करणार नाही."

आई भडकली. "घाबरलेल्या लेकराला एकटं ठेवतात होय? बेडा, नको, असं नका करू." तुम्ही ऐकलं नाहीत. मग आईच कोठडीबाहेर ओसरीत जाऊन बसते, भाजी निवडते, गजांतून तिच्याशी बोलते. मी आईच्या पाठीला टेकून ऐकते आहे: गावची जत्रा, धाकटा भाऊ, परसातल्या कोंबड्या. पोर हळूहळू जेवू लागली. एकदा तर हसली. तेवढ्यात साहेब तपासणीला येणार म्हणून तुम्ही आईला मनाई केलीत. "कैद्यांशी सलगी दिसली तर माझी नोकरी जाईल." दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, तिनं जीव दिला. साहेबांनी तुम्हाला दोष दिला नाही. सगळं नियमाप्रमाणे होतं ना! घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "तिचं नशीब." कसलं नशीब, अप्पा? तिनं तोंडानं सांगितलं होतं. आईनं उपाय दाखवला होता. तुम्हाला फक्त आईला तिथं बसू द्यायचं होतं.

आज त्याच तुरुंगात बायकांवर देखरेख मी करते. यंदा आणखी एक पोर तेच बोलली. मी तिला सरळ विचारलं, "मरायचं मनात येतं का गं?" ती रडली, मग बोलत राहिली. तिला मोठ्या बायकांबरोबर ठेवलं. पाळीपाळीनं कुणी ना कुणी तिच्याजवळ बसलं. डॉक्टरांना आणलं, तिच्या आईला गावाहून बोलावून घेतलं, आणि साहेब नियम सांगू लागले तेव्हा मी त्यांच्याशी भांडले. काल ती सुटली. स्वतःच्या आईचा हात धरून नजरबादच्या रस्त्याला लागली.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकू तरी कुठं? पण एक कबूल करते. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. आईला नव्हे, तुम्हाला.