कार्टुनातले सर

७ जाने.
दहावीतल्या पोरींची कुजबूज चाललेली. त्यांच्या हातातला मोबाइल घेऊन बघतो तर काय, वैष्णवी जपानी पद्धतीचं कार्टून करते! शाळा आपलीच, हिरोईन ती स्वतः. त्यात एक सर. चष्मा, आखूड पँट, खडूचा हात खिशाला पुसायची खोड. अरे, हा तर मीच! लई गंमत वाटली. घरी सौ.ला सांगितलं. म्हणाली, "हिरो न्हाईत व्हय? साइडलाच."

९ जाने.
सगळे भाग पाहिले. प्रत्येक भागात पोरगी काहीतरी मागायला येते. सर चष्मा वर करतात, म्हणतात, "बघू." बास. वर्ग खो खो हसला, मीही. वै. म्हणाली, "सर, तुमच्याच आवाजात म्हणा ना. आधी आवाज घेते, मग त्यावर तोंड काढते." म्हटलं. पहिल्याच झटक्यात जमलं. सवयच ती.

१० जाने.
हसू उतरलं. दिवाळीपासून तिचं एकच, "सर, दहावीनंतर मला चित्रकलेला धाराशिवला जायचंय. आप्पांना सांगा, तुमचं ऐकतेत." आप्पा तिचे वडील, आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. रोज हायवेवर सोबत चहा घेतो. आणि एक शब्द काढला नाही. त्यांची मर्जी जाईल म्हणून. लिहितानाही लाज वाटते.

११ जाने.
काय करून बसलो! चहावर शेखी मिरवायला आप्पांना माझ्या मोबाइलवर घेतलेलं कार्टून दाखवलं. "बघा, लेकीनं मला कार्टुनात घेतलंय." वाटलं, विषय आपोआप निघेल. नेमकी पोरगी पिशवी घेऊन धाराशिवच्या यष्टीत चढते तोच भाग. आप्पांनी मोबाइल माझ्याकडं सरकवला. मग, "शाळेत हे धंदे चालतेत व्हय, गुरुजी?" मी नुसता चष्मा वर केला. कप अर्धा टाकून गेले.

१३ जाने.
आप्पांनी वै.चा मोबाइल काढून घेतला म्हणे. वर्गात तिनं मान वर केली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिची मैत्रीण सांगत होती, शेवटचा भाग राहिला. त्यात सर आप्पांशी बोलायला जातात. काय बोलतात ते ठरलं नव्हतं, म्हणून सरांचं तोंड कोरंच.
जेवण गेलं नाही.

१४ जाने. संक्रांत
तिळगुळाचं निमित्त करून गेलो. दारातनंच परत फिरणार होतो, आप्पांनी पाहिलं. "या गुरुजी, गोड बोला."
कसलं गोड. म्हटलं, "आप्पा, मोबाइल द्या तिचा. आणि पोरीला धाराशिवला पाठवा. तिनं कधीचं सांगितलंय मला, मीच भेकडासारखा गप बसलो." वै. पाण्याचा तांब्या घेऊन चौकटीत उभी.
आप्पांनी तिळगूळ तोंडात टाकला. सावकाश चघळला. म्हणाले, "बघू."
वै.नं माझ्याकडं पाहिलं. तो शब्द ऐकून घेणाऱ्याला काय होतं, आज कळलं. एरवी उठलो असतो.
"कधी बघता, आप्पा?" म्हटलं, आणि तसाच बसून राहिलो.